चेक म्हणजे नेमकं काय काय?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत सचिव ताईंनी कोषाध्यक्ष ताईंना विचारलं, "काहो, तो चेक चेक केला का?" दारात बसलेली कॉलेजातली पोरगी खुदकन हसली. "मावशी, एका वाक्यात दोन चेक? त्यातला खरा कोणता?"

मग ती बोटांवर मोजायलाच लागली. एसटीत चढतो तो चेकर. पांढरकवड्याहून आदिलाबादकडं जाताना पिंपळखुटीला लागतो तो चेकपोस्ट. नाल्यावरचा चेकडॅम. दवाखान्यातला चेकअप. बाबांचा चेक्सचा शर्ट. मोबाईलमध्ये बॅलन्स चेक. आणि बँकेचा चेक. एवढ्या वेगवेगळ्या गोष्टींना एकच नाव कसं काय पडलं?

बैठकीत कुणाला उत्तर आलं नाही. मलाही नाही. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून शोधत बसले. शोधता शोधता गोष्ट आपल्या गटाच्या पेटीतल्या चेकबुकापर्यंत येऊन पोचली. म्हणून ती अंकासाठी लिहून काढली.

सुरुवात होते बुद्धिबळाच्या पटावर. हा खेळ मूळचा आपला, भारतातला. जुनं नाव चतुरंग. इथून तो इराणात गेला, तिथून अरबांकडं गेला, तेव्हा त्याचं शतरंज झालं आणि मग हळूहळू युरोपात पोचला. इराणात राजाला म्हणतात शाह. समोरच्याच्या राजावर आपला मोहरा रोखला की खेळणारा मोठ्यानं सांगायचा, "शाह!" म्हणजे बाबा, तुझा राजा धोक्यात आहे, बाकीच्या चाली राहू दे, आधी त्याला सांभाळ. आपण मराठीत त्यालाच शह म्हणतो. शह देणे, शहाला काटशह, हे शब्द तर आपण निवडणुकीच्या बातम्यांत रोज वाचतो.

हाच शाह शब्द युरोपातल्या लोकांच्या तोंडी लागला, फ्रान्समध्ये त्याचा उच्चार बदलला आणि सहा-सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत तो झाला चेक. म्हणजे ताईंनो, आपला शह आणि इंग्रजांचा चेक हे एकाच आईची लेकरं. एक लेकरू घराजवळ राहिलं, दुसरं सात समुद्र फिरून इंग्रजांच्या बोटीत बसून परत आलं, आणि आता दोघं एकमेकांना ओळखत नाहीत! खेळाचं इंग्रजी नाव चेस, तेही याच शब्दाचं अनेकवचन आहे.

बुद्धिबळाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते, कारण ती आपल्या विदर्भाची आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. वय १९ वर्षं. अंतिम सामन्यात समोर होत्या कोनेरू हंपी, आपल्याच देशाच्या आणि अनुभवानं कितीतरी मोठ्या. त्या विजयानं दिव्या ग्रँडमास्टर झाली. आपल्या पोरींना शाळेत बुद्धिबळाचा पट मिळतो का, हे एकदा विचारायला हरकत नाही.

तर चेक म्हणजे शह. आता बघा, पुढचे अर्थ कसे आपोआप येतात. शह मिळाला की खेळणाऱ्याला थांबावं लागतं. मनात ठरवलेली चाल खेळता येत नाही. म्हणून चेक म्हणजे थांबवणं, आवर घालणं. चेकडॅमचा चेक हा आहे. नाल्याचं पाणी सुसाट पळत असतं, वावरातली काळी माती सोबत घेऊन जातं, त्याला हा बंधारा शह देतो. पाणी पूर्ण अडत नाही, भरल्यावर वरून वाहून जातंच. पण त्याचा वेग तुटतो, गाळ खाली बसतो, थोडं पाणी जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना उन्हाळ्यात त्याचा आधार होतो. ज्यांच्या शिवारात असा बंधारा आहे त्यांना मी काय सांगायचं!

थांबवलं की माणूस बघतो, विचारतो. कुठून आला, गाडीत काय आहे, तिकीट काढलं का. म्हणून चेकचा पुढचा अर्थ तपासणं. चेकपोस्टमध्ये दोन्ही अर्थ एकत्र आहेत, आधी थांबवणं आणि मग तपासणं. एसटीचा चेकर, दवाखान्यातला चेकअप, मोबाईलमधलं चेक करणं, ही सगळी तपासणीच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिलाही गावात आता "नऊ तारखेचं चेकअप" असंच म्हणतात.

राहिला बाबांचा शर्ट. तो सोपा आहे. बुद्धिबळाचा पट चौकड्यांचा, म्हणून चौकड्यांच्या कापडाला चेक्स.

पण या चौकड्यांच्या कापडाची एक गोष्ट मला फारच आवडली, कारण ती हिशोबाची आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या राजाचा वसूल मोजायला एक मोठं टेबल असायचं, साधारण १० फूट लांब आणि ५ फूट रुंद. त्यावर चौकड्यांचं कापड अंथरलेलं. जिल्ह्याजिल्ह्याचे अधिकारी वसूल घेऊन यायचे. येणं किती आणि प्रत्यक्ष आणलं किती, हे त्या चौकटींत सोंगट्या ठेवून सगळ्यांसमोर मांडायचं. त्या काळी बऱ्याच मोठ्या लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सोंगट्या सगळ्यांना दिसायच्या. आपण गावनकाशा काढताना रांगोळीच्या चौकटीत तुरीचे दाणे ठेवून घरं आणि जनावरं मोजतो ना, अगदी तसंच. टेबल बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं म्हणून त्या खजिन्याच्या कचेरीचं नावच पडलं एक्स्चेकर. इंग्लंडच्या अर्थमंत्र्याच्या पदनामात तो शब्द आजही आहे.

पैसे भरल्याची पावती म्हणून तिथं लाकडाची काठी द्यायचे. रकमेप्रमाणे काठीवर खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरायची. एक भाग देणाऱ्याकडं, एक घेणाऱ्याकडं. पुढं भांडण झालं की दोन्ही भाग जोडून बघायचे. खाचा जुळल्या तर हिशोब खरा. एकानं गुपचूप खाच वाढवली तर लगेच पकडला जायचा. या काठीचं नाव टॅली. प्रभागसंघाच्या कॉम्प्युटरमध्ये हिशोबाचा टॅली आहे ना, तो शब्द तोच! पुढं कागद आले, काठ्या निरुपयोगी झाल्या. १८३४ साली त्यांचे ढीग लंडनच्या पार्लमेंटच्या भट्टीत जाळायला घेतले, आग भडकली आणि पार्लमेंटची इमारतच जळून गेली. जुना हिशोब जपून निकालात काढावा लागतो तो असा.

कागद आला तरी काठीची युक्ती लोकांनी सोडली नाही. १७०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये पैशाच्या चिठ्ठ्या लिहायचे तेव्हा चिठ्ठीचा एक तुकडा आपल्याकडं ठेवायचे, म्हणजे चिठ्ठीत कुणी खोटेपणा केला तर ताडून बघता येईल. खोटेपणाला शह देणारा तुकडा, म्हणून त्याचं नाव चेक. ध्यानात घ्या, चेक हे नाव आधी चेकबुकात मागं उरणाऱ्या पट्टीचं होतं, जिला आपण काउंटरफॉईल म्हणतो. फाडून देतो त्या कागदाला ते नाव नंतर चिकटलं. अमेरिकेत आजही बँकेचा चेक आणि तपासण्याचा चेक एकाच स्पेलिंगनं लिहितात. इंग्रजांनी खजिन्याच्या एक्स्चेकरचं बघून बँकेच्या चेकचं स्पेलिंग वेगळं केलं आणि आपल्या चेकबुकावर तेच छापून येतं. म्हणून आपल्या पोरांचा स्पेलिंगमध्ये घोळ होतो. त्यांना रागावू नका.

आता ही पट्टी आपल्यातल्या किती जणी भरतात? मी आमच्या गटाचं जुनं चेकबुक काढून बघितलं. अकरा चेक गेलेले, चार पट्ट्या भरलेल्या. बाकी कोऱ्या. हल्ली बऱ्याच चेकबुकांत पट्टी नसते, सुरुवातीला किंवा शेवटी नोंदीचं एक पान असतं. ते तर कुणी उघडतही नाही. चेक नंबर, तारीख, कुणाच्या नावानं, किती रकमेचा आणि कोणत्या ठरावावरून, एवढं तिथं लिहिलं की काठीचा दुसरा भाग आपल्याकडं राहिला असं समजायचं.

आणखी एक शब्द मला सांगायचाच आहे, तो म्हणजे सही. आपल्या गटाच्या वहीतले कितीतरी शब्द फारसी आणि अरबीतून आलेले आहेत. जमा, खर्च, बाकी, कर्ज, रक्कम, तारीख. हप्ता हासुद्धा फारसीतला, त्याचा मूळ अर्थ आठवडा, सात दिवस. आणि सही हा मूळचा अरबी शब्द, त्याचा अर्थ बरोबर, खरं. कागदावर सही करायची म्हणजे सांगायचं, की यात लिहिलेलं बरोबर आहे.

मग कोऱ्या चेकवर सही केली तर आपण काय बरोबर म्हटलं?

हे मी उगाच विचारत नाही. आपल्या भागात कापूस वेचणी सुरू झाली की गटाच्या तिघी पदाधिकारी एका दिवशी तालुक्याला जाऊ शकत नाहीत. एकीचं वावर, एकीची मजुरी, एकीच्या घरी आजारपण. मग सोपा मार्ग निघतो, "दोन-तीन चेकवर सह्या करून ठेवू, लागलं की रक्कम भरून नेऊ." आमच्याही गटात हे झालेलं आहे, लपवत नाही. कुणाची नियत वाईट नव्हती. पण पेटी एकीच्या घरी, चावी दुसरीच्या घरी, आणि सह्या केलेले तीन कोरे चेक आत. त्या दिवसांत गटाच्या खात्यात बँकेच्या कर्जाची रक्कम नुकतीच जमा झालेली होती. आज आठवलं तरी पोटात गोळा येतो. दोघींना सोबत जाता येत नसेल तर रक्कम आणि नाव भरलेल्या चेकवर बैठकीतच सगळ्यांसमोर सह्या करा, ठरावात चेक नंबर लिहा आणि मग कुणीही एक जण बँकेत घेऊन जाऊ द्या. वेळ तेवढाच लागतो.

दुसरा कोरा चेक जातो घराबाहेर. कर्ज देणारा म्हणतो, "तारण म्हणून सहीचे दोन चेक द्या, वापरणार नाही, नुसती फाईल पूर्ण करायची आहे." ताई देऊन टाकते. कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. चेकचा कायदा १८८१ सालचा आहे, परक्राम्य संलेख अधिनियम. चेक न वटल्यास शिक्षेची तरतूद, कलम १३८, त्यात १ एप्रिल १९८९ पासून लागू झाली. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुप्पटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की राजीखुशीनं सही करून दिलेल्या कोऱ्या चेकवर रक्कम दुसऱ्यानं भरली तरी त्या चेकची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. तो चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कोर्ट आधी धरून चालतं. तसं नव्हतं हे सही करणाऱ्या बाईलाच दाखवून द्यावं लागतं. "मी तर नुसती सही केली होती" एवढं सांगून सुटका होत नाही. चेक संस्थेचा असेल तर संस्थेचा कारभार बघणारेही त्यात ओढले जाऊ शकतात.

कुणी असे चेक आधीच देऊन बसल्या असाल तर घाबरून गप्प बसू नका. कोणते नंबर दिले ते चेकबुक बघून काढा. कर्ज फिटलं असेल तर बेबाकी दाखला घेताना चेक परत मागा, तेही लेखी. देत नसतील तर बँकेत जाऊन त्या नंबरांचं पेमेंट थांबवा असा अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर बँकेचा शिक्का घ्या. देणं बाकी असताना मात्र पेमेंट थांबवून उपयोग नाही, त्यातही १३८ लागू शकतं.

आता उलटी बाजू. चेक आपल्याला मिळालेला असतो आणि तो परत येतो. हे माझ्या स्वतःच्या घरी झालं, दोन वर्षांपूर्वी. डिसेंबरात कापूस विकला, व्यापाऱ्यानं १२ तारखेचा साडेअडतीस हजारांचा चेक दिला. बँकेत टाकला, आठवड्यात परत. सोबत छोटा कागद, खात्यात पुरेशी रक्कम नाही म्हणून. त्याला रिटर्न मेमो म्हणतात. व्यापारी म्हणाला, वहिनी, संक्रांत होऊ द्या. संक्रांत झाली. मग म्हणाला, महिनाअखेर. आमच्या घरचे म्हणाले, ओळखीचा माणूस आहे, देईल. मीही मान डोलावली. त्या दिवसांत पोराची फी थकलेली, आणि गटाचा माझा हप्ताही मी पहिल्यांदाच चुकवला होता. बैठकीत मान वर करवत नव्हती.

फेब्रुवारी लागल्यावर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीकडं गेले. तिथल्या वकील ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "मेमो कोणत्या तारखेचा?" तेव्हा कळलं, की चेक परत आल्याचं समजल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. त्यानं दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. माझे ३० दिवस संक्रांतीची वाट बघण्यातच निघून गेले होते. मला वाटलं, झालं, संपलं.

पण त्यांनी चेक हातात घेतला, तारीख बघितली आणि म्हणाल्या, "याची मुदत अजून आहे. पुन्हा टाका." चेक त्याच्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो, २०१२ पासून हाच नियम आहे. त्या मुदतीत तो पुन्हा भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर नवीन मेमोच्या तारखेपासून नोटिशीचे दिवस पुन्हा मोजता येतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये हे मान्य केलेलं आहे. मी चेक पुन्हा टाकला. तो पुन्हा परत आला. (मनातून वाटत होतं, आता वटायला नको, नोटीसच जाऊ दे!) चार दिवसांत रजिस्टर पोस्टानं नोटीस गेली. नोटीस मिळाल्याच्या तेराव्या दिवशी पूर्ण पैसे माझ्या खात्यात जमा झाले. तो व्यापारी नंतर रस्त्यात भेटला तर म्हणाला, "वहिनी, एवढं कशाला करायचं?" मी काही बोलले नाही.

वकील ताईंची फी मला द्यावी लागली नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानं बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट लागत नाही. चौकशीसाठी १५१०० या नंबरवर फोन करता येतो.

चेक हातात पडला की बघायच्या गोष्टी फार नाहीत. तारीख कोणती आहे. नाव बँक पासबुकात आहे तसंच आहे का, आईवडिलांकडचं आणि सासरचं असा घोळ आपल्याकडं फार होतो. अक्षरी आणि अंकी रक्कम जुळते का. खोडाखोड नको, नाव किंवा रक्कम खोडून बाजूला सही केलेला चेक आता क्लिअरिंगमध्ये चालत नाही, नवीनच मागायचा. वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन आडव्या रेघा मारून खातेदारास देय लिहिलं असेल तर पैसे फक्त त्या नावाच्या खात्यात जातात, काउंटरवर रोख मिळत नाहीत. आपण चेक देताना या दोन रेघा मारायला विसरू नका, वाटेत चेक हरवला तर तेवढाच त्याला शह. ५० हजार आणि त्यावरच्या चेकसाठी बँकेला आधीच नंबर, नाव आणि रक्कम कळवून ठेवायची सोय जानेवारी २०२१ पासून आहे. बँक सखीला विचारा, त्या करून देतात. आणि ऑक्टोबर २०२५ पासून बँका चेक त्याच दिवशी पास-नापास करू लागल्या आहेत. "चेक आज देते, पैसे परवा भरते" हे जुनं गणित आता जुळायचं नाही.

त्या कॉलेजातल्या पोरीला मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आमच्या गटाचं चेकबुक मागितलं आणि कोऱ्या राहिलेल्या सात पट्ट्या पासबुक बघून भरायला बसली. सहा जुळल्या. सातव्या चेकची रक्कम कोणत्या ठरावावरून गेली, ते आमचं अजून शोधणं चालू आहे.